तिलिस्म कोणी लिहावे?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या उर्दू शाळेत नववीच्या वर्गावर ऑफ तास होता. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला पाठवले गेले. पुस्तक बाजूला ठेवून मी मुलांना म्हटले, 'आज तुम्ही विचारा.' मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा एरवी फारसा बोलत नाही. तो म्हणाला, 'सर, हसन बिन सब्बाह ने सच में पहाड़ पे जन्नत बनाई थी क्या?'

मी विचारले, 'बेटा, हे तुला कुठून कळाले?' मग उलगडा झाला. सुट्टीत तो अकोल्याला मामूंकडे गेला होता. तिथे मामेभावाच्या संगणकावर त्याने 'असॅसिन्स क्रीड' हा खेळ पाहिला. सन ११९१ चा काळ, तिसरे धर्मयुद्ध, शामदेशातला मस्याफचा किल्ला, अल्ताईर नावाचा नायक आणि किल्ल्यामागची ती बाग. भावाच्या कपाटात याच खेळावरची जाडजूड इंग्रजी कादंबरीही होती. मुलाला ती वाचता आली नाही, पण भावाने कथा सांगितली. म्हणून लगेच दुसरा प्रश्न आला, 'और सर, वो किताब लिखनेवाला अपना है क्या?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तिथल्या तिथे दिले. हसन बिन सब्बाहने डोंगरावर बाग केली होती, तरुणांना भांग पाजून तो तिथे नेई, हीच जन्नत आहे असे भासवी आणि परत तिथे जायचे असेल तर अमक्याला ठार कर म्हणून सांगे, असे मी रंगवून सांगितले. वर्ग भारावून गेला. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी 'बघून सांगतो' म्हणालो.

वाचकहो, ज्या प्रश्नाचे उत्तर मी छातीठोकपणे दिले तेच चुकले होते. कसे चुकले हे सांगण्यासाठी आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे लागेल. खेळातली अद्भुत कथा पुस्तकात आणायची असेल तर ती कोणाच्या हाती द्यावी? हा प्रश्न आजच्या संगणक कंपन्यांपुढे जसा आहे तसाच तो दीडशे वर्षांपूर्वी लखनौच्या एका छापखान्यापुढेही होता.

लौह, झंबील आणि गलीम

आमच्या पिढीने पाहिलेला पहिला खेळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. शाळेत असताना मी ज्या संगणकवर्गाला जाई तिथे जुनाट यंत्रे होती आणि त्यातल्या दोनच यंत्रांवर हा खेळ चाले. पांढऱ्या कपड्यातला शहजादा तळघरातून धावतो, उड्या मारतो, खालून वर येणाऱ्या खिळ्यांपासून जीव वाचवतो. हातात एक तास आणि पलीकडे वजीराच्या कैदेतली शहजादी. तो पाहताना मला सारखी दादीने सांगितलेल्या किस्स्यांची आठवण येई. ही आठवण उगीच नव्हती, हे पुढे 'तिलिस्म-ए-होशरुबा' वाचताना कळले.

दास्तानमध्ये तिलिस्म म्हणजे जादूगाराने बांधलेली मायावी दुनिया. तिचे नियम ठरलेले असतात, तिचे दरवाजे ठरलेले असतात आणि ती कोणाच्या हातून मोडणार हेही ठरलेले असते. ती मोडणारा तो तिलिस्मकुशा. त्याला एक लौह म्हणजे पाटी मिळवावी लागते. त्या पाटीवर पुढचे पाऊल कसे टाकायचे ते उमटते. लौह न बघता पुढे गेला की तो फसला. अमर अय्यारजवळ झंबील असते. या पिशवीत सारे जग मावते आणि हवी ती वस्तू निघते. गलीम पांघरली की तो दिसेनासा होतो. आजचा कोणताही मुलगा हे ऐकून म्हणेल, हा तर खेळच आहे! पाटी म्हणजे खेळातली सूचना, झंबील म्हणजे नायकाचा सामानाचा साठा आणि एकामागून एक तिलिस्म म्हणजे एकामागून एक पायऱ्या.

आणखी एक साम्य महत्त्वाचे आहे. दास्तान मुळात वाचायची वस्तू नव्हती. दास्तानगो ती सांगे आणि मैफल ती ऐके. श्रोते रंगले की तो लढाई लांबवी, कंटाळले की अय्यारी आणी. म्हणजे ऐकणाऱ्याचाही त्यात हात असे. खेळातही खेळणाऱ्याचा हात असतो. अशी चालती-बोलती वस्तू कागदावर उतरवायची तर लिहिणारा कसा हवा? खरी अडचण इथे सुरू होते.

मुन्शीजींची निवड

मुन्शी नवल किशोर (१८३६–१८९५) यांनी १८५८ साली लखनौत छापखाना काढला. १८५७ च्या उठावात लखनौ उद्ध्वस्त झाले होते. दरबार गेला, आश्रयदाते गेले, कलावंत रस्त्यावर आले. अशा शहरात एका हिंदू गृहस्थाने अरबी, फारसी, उर्दू, संस्कृत, हिंदी असे सारे छापायला घेतले. कुराणाच्या प्रती त्यांच्याकडे छापल्या जात आणि रामायणही छापले जाई.

अमीर हमझाची दास्तान त्याआधीही छापली गेली होती. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खान 'अश्क' यांनी ती उर्दूत लिहिली. हेतू असा की कंपनीच्या साहेबांना हिंदुस्तानी शिकता यावी. १८५५ मध्ये गालिब लखनवी यांची आवृत्ती निघाली (हे मिर्झा गालिब नव्हेत). तिला पुढे अब्दुल्ला बिलग्रामींनी हात फिरवला आणि १८७१ मध्ये ती नवल किशोर छापखान्यातून बाहेर पडली. ही सगळी एकेका खंडाची पुस्तके. दास्तानगोंच्या तोंडी असलेला पसारा त्यांत मावत नव्हता.

मुन्शीजींनी तो सगळा पसारा छापायचे ठरवले. हे काम कोणाला द्यावे? नामांकित शायर होते, मौलवी होते, शाळाखात्यातले पुस्तके लिहिणारे पंडित होते. मुन्शीजींनी निवडले दास्तानगो. मैफलीत बसून ज्यांनी पोट भरले होते, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून कथा वळवण्याची ज्यांना सवय होती, अशी ही माणसे. मुहम्मद हुसेन जाह यांनी 'तिलिस्म-ए-होशरुबा' लिहायला घेतली आणि १८८३ मध्ये पहिला खंड निघाला. चार खंड झाल्यावर छापखान्याशी त्यांचे बिनसले. जाह बाहेर पडले आणि त्यांनी आपला स्वतंत्र पाचवा खंड दुसरीकडे छापायला काढला. इकडे मुन्शीजींनी उरलेले काम अहमद हुसेन कमर यांच्याकडे सोपवले आणि त्यांनी सातव्या खंडापर्यंत ते तडीस नेले. पुढे शेख तसद्दुक हुसेन यांच्यासारखे इतरही आले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या मालिकेचे ४६ खंड झाले. एकेक खंड हजारेक पानांच्या घरातला.

जाह थोर की कमर, यावर दास्तानचे शौकीन आजही वाद घालतात. जाहची भाषा नटलेली, रसाळ. कमरकडे लढायांची आणि जादूची रेलचेल. मला या वादातून वेगळाच मुद्दा दिसतो. लेखक बदलला तरी तिलिस्म मोडले नाही. कारण दोघांचे घराणे एकच होते. होशरुबाची कथा जाहने शून्यातून काढलेली नव्हती. ती मीर अहमद अली या दास्तानगोने रचली आणि अंबाप्रसाद 'रसा' यांच्यासारख्यांनी वाढवली. म्हणजे अमीर हमझाची, पैगंबरांच्या चुलत्यांच्या नावाची दास्तान सांगणाऱ्यांत एक अंबाप्रसाद होते आणि ती छापणारे नवल किशोर होते. 'लिहिणारा आपला आहे का?' असे मुन्शीजींनी विचारले असते तर त्यांचे स्वतःचेच उत्तर काय आले असते?

यात एक गंमतही आहे. हे सारे मुळात अकबराच्या दरबारातल्या फैजीने फारसीत लिहिले, असे त्या काळी सांगितले जाई. त्याला आधार नाही. पण मोठे नाव लावले की पुस्तकाला वजन येते, हे तेव्हाही माहीत होते. आज 'असॅसिन्स क्रीड'च्या कादंबऱ्यांवर 'ओलिव्हर बाउडन' असे नाव असते. या नावाचा माणूस नाही, हे टोपणनाव आहे. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, मुखपृष्ठावरच्या नावावरून लिहिणारा कोणाचा कोण, हे कळतच नाही.

घरचा की बाहेरचा?

पश्चिमेकडे या बाबतीत दोन वाटा दिसतात. पहिली वाट घरच्या माणसाची. अमेरिकेत 'ड्रॅगनलान्स' नावाचा पटावर खेळायचा अद्भुत खेळ तयार होत होता. त्यावरच्या कादंबऱ्यांसाठी कंपनीने आधी बाहेरचा लेखक पाहिला. ते जमेना. तेव्हा खेळ रचणारे ट्रेसी हिकमन आणि तिथेच पुस्तकांचे संपादन करणाऱ्या मार्गारेट वाइस यांनी स्वतःच लिहायला घेतले. १८८३ मध्ये जाह आणि १९८४ मध्ये हे दोघे. शंभर वर्षांचे अंतर, पण धडा तोच : ज्याने मैफल रंगवली त्यालाच लेखणी द्या.

दुसरी वाट जॉर्डन मेक्नर यांची. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ त्यांनी १९८९ साली केला. शहजादा धावावा कसा हे ठरवण्यासाठी आपल्या धाकट्या भावाला धावायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून आकृत्या काढल्या. म्हणजे आम्ही संगणकवर्गात ज्याला इराणचा शहजादा समजत होतो तो न्यूयॉर्कचा शाळकरी पोरगा होता! पुढे या खेळावर चित्रकादंबरी काढायचे ठरले तेव्हा मेक्नर यांनी ती स्वतः लिहिली नाही. लेखन ए. बी. सीना या इराणी जन्माच्या लेखकाने केले आणि २००८ मध्ये पुस्तक निघाले. त्यात खेळातली उडी-पळापळ कमी आणि मर्व शहर जास्त आहे. नववे शतक आणि तेरावे शतक अशा दोन काळांतल्या कथा एकमेकींत गुंफल्या आहेत. खेळात इराण हा नुसता पडदा होता. पुस्तकात तो बोलू लागला.

ही दुसरी वाट आपल्याला साहजिकच आवडते. आपली गोष्ट आपल्या माणसाने लिहावी, असे कोणाला वाटणार नाही? मलाही तसेच वाटत होते. पण याच समजुतीने मला वर्गात तोंडघशी पाडले.

शरर यांची जन्नत

अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) हे उर्दूतल्या ऐतिहासिक कादंबरीचे प्रवर्तक. ते या वाटेला कसे लागले ती हकीकत उर्दूच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. सर वॉल्टर स्कॉट यांची 'टॅलिस्मन' ही तिसऱ्या धर्मयुद्धावरची कादंबरी त्यांनी वाचली. तिच्यातले मुसलमानांचे चित्रण त्यांना खटकले आणि उत्तरादाखल त्यांनी 'मलिकुल अझीझ वर्जिना' लिहिली. टॅलिस्मन म्हणजे आपला तिलिस्मच. परक्याने बांधलेला तिलिस्म मोडायला निघालेले शरर हे जणू तिलिस्मकुशा होते.

याच शरर यांनी १८९९ मध्ये 'फिरदौस-ए-बरीं' लिहिली. हुसेन आणि झमुर्रद या प्रेमिकांची कथा, डोंगरातली बनावट जन्नत आणि फसवले गेलेले तरुण. भाषा अशी की पुस्तक खाली ठेववत नाही. बी.ए.ला असताना मी ती एका रात्रीत वाचली. ती बाग माझ्या डोक्यात इतकी पक्की बसली की ती इतिहासात नसेल, अशी शंकासुद्धा कधी आली नाही. लेखक शरर, विषय आपला, भाषा आपली. मग पडताळायचे कशाला?

त्या ऑफ तासानंतर 'बघून सांगतो' म्हणालो होतो म्हणून पुस्तके काढली. फरहाद दफ्तरी या इस्माइली इतिहासाच्या अभ्यासकाने १९९४ मध्ये या दंतकथांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. त्यातून जे समजले ते थोडक्यात असे.

हसन बिन सब्बाहने १०९० मध्ये इराणच्या डोंगरातला अलमूत किल्ला घेतला. ११२४ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. निझारी इस्माइली पंथाचा हा नेता अत्यंत कडक शिस्तीचा होता. दारू पिण्याच्या आरोपावरून त्याने स्वतःच्या मुलाला देहदंड दिला. असा माणूस तरुणांना भांग पाजून बागेत नेत होता, हे पटायला कठीण आहे. राजकीय हत्या त्याच्या अनुयायांनी केल्या, यात शंका नाही. सेल्जुकांच्या अफाट फौजेपुढे मूठभरांनी पत्करलेला तो भयानक मार्ग होता. पण 'हशीशी' ही विरोधकांनी दिलेली शिवी होती. युरोपीय लोकांनी ती शब्दशः घेतली आणि तिच्याभोवती गोष्ट विणली. बागेचे सर्वात गाजलेले वर्णन मार्को पोलोचे. तो इराणातून गेला तो १२७० च्या दशकात आणि मंगोलांनी अलमूत पाडले १२५६ मध्ये. हुलागूबरोबर असलेला इतिहासकार जुवैनी मात्र त्या वेळी प्रत्यक्ष किल्ल्यात गेला होता. तो इस्माइलींचा कट्टर विरोधक. तिथली कोठारे, पाण्याचे हौद आणि मोठा ग्रंथसंग्रह यांचे वर्णन त्याने केले. कुराणाच्या प्रती आणि काही ज्योतिषयंत्रे वेगळी काढून बाकीची पुस्तके जाळायला लावली, हेही त्यानेच लिहून ठेवले. जन्नतीच्या बागेचा त्याने उल्लेख केलेला नाही. ती दिसली असती तर असा विरोधक गप्प बसला असता का?

म्हणजे स्कॉटला उत्तर द्यायला निघालेल्या शरर यांनी दुसरी एक पाश्चात्त्य दंतकथा उचलली आणि उर्दू वाचकांच्या घरात आणून बसवली. इकडे त्रिएस्तचे स्लोव्हेनियन लेखक व्लादिमिर बार्टोल यांनी तीच दंतकथा घेऊन १९३८ मध्ये 'अलमूत' लिहिली. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या काळातले युरोपातले हुकूमशहा होते. बार्टोल यांच्या कादंबरीवरून २००७ चा खेळ सुचला, खेळातली बाग मस्याफच्या किल्ल्यामागे गेली, खेळावरून २०११ मध्ये बाउडनची कादंबरी निघाली आणि ती अकोल्याच्या एका कपाटात येऊन पोचली. तिथून प्रश्न माझ्या वर्गात आला आणि मी त्याला शरर यांच्या बागेतून उत्तर दिले. वर्तुळ पुरे झाले! सातशे वर्षे ही बाग कागदावरच फुलते आहे.

एक गोष्ट मनाला फार लागली. निझारी इस्माइली आजही आहेत. आगाखानी म्हणून आपण त्यांना ओळखतो. आपल्याबद्दल एखाद्याने ऐकीव गोष्ट छापली तर आपण निषेधाच्या सभा घेतो. आणि आपल्याच शेजाऱ्याबद्दलची ऐकीव गोष्ट मी तीस मुलांना इतिहास म्हणून सांगून मोकळा झालो होतो.

मराठीतली उदाहरणे

मराठीकडे पाहिले तर निवडीचा हा प्रश्न आणखी मोकळा होतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' इंग्रजीच्या आधाराने मराठीत आणायला घेतल्या आणि ते काम पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांच्या हातून पुरे झाले. संस्कृतात मुरलेल्या ब्राह्मण विद्वानाच्या लेखणीतून हारून अल रशीद मराठी घरांत आला आणि रमला. शंभरेक वर्षांनी गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून १६ खंडांत अरेबियन नाइट्स मराठीत आणले. दोघांनाही अरबी वारसा नव्हता. मराठीवर हुकमत आणि गोष्टीवर प्रेम होते.

उलट बाजूही आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. हुसेन अंबरखानाने गीतेवर 'अंबरहुसेनी' ही मराठी टीका लिहिली. आणि आम्हा वऱ्हाडकरांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण म्हणजे फैजीचे 'नल-दमन'. विदर्भाची राजकन्या दमयंती आणि फाशांच्या खेळात राज्य हरणारा नल यांची ही कथा अकबराच्या इच्छेवरून १५९४ मध्ये फारसीत आली. तीही एका खेळापासूनच सुरू होणारी गोष्ट! अकबराने ती एका शेखजाद्याला दिली, कारण फारसी काव्यात त्याच्या तोडीचा माणूस दरबारात नव्हता.

या सगळ्यांतून मला जे उमगले ते असे. घरचा की बाहेरचा, ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. चित्रकादंबरीचे लेखन सीना यांच्याकडे गेले ते योग्यच झाले. पण केवळ नाव आणि जन्म पाहून निवड केली तर शररसारखा मोठा लेखकही आपल्याला चकवू शकतो. मैफलीची जाण जाहची हवी, मेहनत कमरची हवी आणि ज्याच्याविषयी लिहायचे त्याची बाजू ऐकून घेण्याची सवय हवी. तिसरी गोष्ट सर्वात दुर्मीळ.

लोणारचा खेळ

पुढच्या आठवड्यात मी वर्गात जाऊन आधी कबुली दिली, 'मी सांगितलेली बाग खरी नव्हती.' मुले चकित झाली. सर चुकतात आणि तसे सांगतात, हे त्यांना नवे होते. मग फळ्यावर तीन नावे लिहिली : जुवैनी, मार्को पोलो, शरर. विचारले, 'यांतला अलमूतला कोण गेला होता?'

त्यानंतर एक उपक्रम घेतला. समजा, आपल्या लोणारच्या सरोवरावर खेळ निघाला. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते उल्कापाताचे विवर, खारे पाणी, काठावरचे कमळजा देवीचे देऊळ, लवणासुराची कथा, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेले पाणी. तिलिस्म म्हणावा असेच सारे. पुण्यात २०२० मध्ये 'राजी' नावाचा पौराणिक खेळ तयार झालाच आहे. उद्या लोणारचाही होईल. तर त्यावरची कादंबरी कोणाला लिहायला द्याल?

एक मुलगी म्हणाली, लोणारच्याच माणसाला. दुसरा म्हणाला, नाही, ज्याला पाणी गुलाबी का झाले हे माहीत आहे त्याला. मी त्यांना सांगितले की फैजीच्या भावाने, अबुल फझलने, 'आईन-ए-अकबरी'त मेहकर सरकारातल्या लोणारची नोंद केली आहे. ब्राह्मण त्याला 'बिशन गया' म्हणतात हे त्याने लिहिले आणि तिथे काचेला व साबणाला लागणारा माल मिळतो हेही लिहिले. श्रद्धा लिहिली, खारही लिहिला.

मागच्या बाकावरचा तो मुलगा उठला. म्हणाला, 'सर, लिखे कोई भी, मगर पहले देऊळ के पुजारी से पूछे, और नमक निकालनेवालों के घर भी जाए.' मी त्याला विचारले, 'आणि मुसलमान असला तर चालेल का?' तो हसला आणि म्हणाला, 'मैं ही लिखूँगा ना सर!'

त्याला मी लोणारची माहिती गोळा करायला सांगितली आहे. वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर त्याने पंधरा प्रश्न लिहिले आहेत. त्यांतल्या चारांची उत्तरे मलाही येत नाहीत. ती मी शोधतो आहे. या वेळी घाई नाही.